माया ठेव रे

ब्लाउजची शिलाई साडेचार हजार रुपये! कापड आपलं, अस्तर आपलं, लटकनं आपली, मोबाइलवरचा नमुन्याचा फोटोसुद्धा आपलाच. बुटीकवाल्या बाईंनी आकडा इतक्या शांतपणे सांगितला की मला आधी वाटलं, साडीसकट सांगतायत.

"डिझायनर आहे ना तो," बायको जिना उतरताना म्हणाली.

"डिझायनर कसला? सहा तुकडे कापायचे आणि जोडायचे. मी करून देतो."

हे वाक्य मी पुण्यात, भर रस्त्यात, शुद्धीत उच्चारलं. त्यामागे अनुभव होता. मी बावीस वर्षं चाकणला शीट मेटलमध्ये आहे. पत्रा कापणं, वाकवणं, जोडणं हाच माझा धंदा. माणसाचं धड म्हणजे काय, थोडा बाक असलेला सिलिंडर. असं मी मनात म्हणालो. बायकोच्या बाबतीत सिलिंडर हा शब्द मोठ्याने उच्चारू नये एवढी अक्कल लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर येते.

फोटो सब्यसाची या फॅशन डिझायनरच्या धर्तीचा. पूर्ण बाही, पुढे बंद गळा, पाठीला खोल गळा आणि खाली लोंबणारी लटकनं. बायकोने माहितीही पुरवली की अनुष्का शर्माच्या २०१७ मधल्या लग्नातल्या लेहेंग्यावर याच सब्यसाचीचे ६७ कारागीर ३२ दिवस राबले होते. मी लगेच गुणाकार केला. २१४४ मनुष्यदिवस. लेहेंग्याच्या मानाने ब्लाउज केवढासा, त्यात आपल्याला भरतकाम नाही. भाचीचं लग्न तीन आठवड्यांवर. दोन रविवार पुष्कळ झाले.

आईने ट्रंकेतून दोन खण काढून दिले. गुळेदगुड्डचे, अंजिरी रंगाचे, हिरव्या काठांचे. खण म्हणजे मुळात एका चोळीपुरतं कापड, पन्हा बेताचाच. पूर्ण बाह्या हव्यात म्हणून दोन. "ओटीत आलेत माझ्या," आई म्हणाली, "तिसरा नाही." आणि मी कात्री उचलल्यावर, "कापताना माया ठेव रे."

मला वाटलं, सुनेबद्दल बोलतेय. "आहे गं आई," मी म्हणालो, "म्हणून तर शिवतोय."

मापं मी मिलिमीटरमध्ये घेतली. मापं घेताना बायकोने श्वास आत ओढून धरला होता, हे मला नंतर कळलं. मग वर्तमानपत्रावर ड्रॉइंग. छातीचा चौथा हिस्सा, मुंढा म्हणजे बाही जोडायची खोबण, गळा, टक्स. टक्स मला मनापासून आवडले. सपाट कापडाला पाचर मारून गोलाई आणायची, हे तर आमचंच शास्त्र! शिवणीसाठी चहूबाजूंनी पाच मिलिमीटर सोडले. आमच्याकडे पाच मिलिमीटर म्हणजे उधळपट्टी, त्याबद्दल मेमो येतो.

तपासताना एक गंभीर चूक सापडली. बाहीच्या वरच्या गोलाईची लांबी मुंढ्याच्या घेरापेक्षा अठरा मिलिमीटर जास्त भरत होती. जोडायच्या दोन कडा सारख्या नकोत? आपली शिंपी मंडळी वर्षानुवर्षं हे चुकीचं ड्रॉइंग चालवतायत याचं वाईट वाटलं. मी बाहीचा माथा तासून दोन्ही कडा तंतोतंत जुळवल्या. ते अठरा मिलिमीटर खांद्याच्या गोलाईसाठी असतात, चुणी न दिसता ते मुंढ्यात जिरवायचे असतात, हे ज्ञान मला कापड कापून झाल्यावर झालं.

आणि कापताना मी नेस्टिंग केलं. म्हणजे तुकडे एकमेकांच्या कुशीत असे बसवायचे की चिंधी कमीत कमी निघावी. एकच बाही दोनदा ठेवली, कापली. चिंधी मूठभर. या आनंदात मी खणाला सुलट आणि उलट बाजू असते हे विसरलो. बाहीला पुढचा खोलवा जास्त, मागचा कमी. त्यामुळे एक कापली की दुसरी आरशातली कापावी लागते. थोडक्यात, माझ्याकडे दोन उत्तम डाव्या बाह्या तयार होत्या.

हे कळायला मशीनवर बसावं लागलं. आईचं पायमशीन काळं, सोनेरी वेलबुट्टीचं. हातशिवणीच्या सुईला नेढं मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईला टोचणाऱ्या टोकाला. १८४६ साली इलायस हाउ नावाच्या अमेरिकन माणसाने अशी सुई आणि खालचा धोटा मिळून दोन धाग्यांची टीप मारणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. तत्त्व मला चोख समजतं. पण पाय समजत नाही. पायटा दाबला की चाक पुढे जाईल की मागे, हे ते चाक आयत्या वेळी ठरवतं. मागे गेलं की दोरा तुटतो. मी चाळीस मिनिटांत चार इंच टीप मारली आणि त्यातली तीन उसवली. उसवण्यात माझा हात पटकन बसला.

दुसऱ्या रविवारी रात्री ट्रायल झाली. बायको आरशासमोर उभी राहिली आणि मी चकित झालो. पाठ सुरेख! लटकनं तर थेट फोटोतली.

"उजवा खांदा मागे का ओढतोय?" तिने विचारलं.

"सवय होईल. हात वर कर बघू."

तिने केला. कानाजवळ नेण्याइतकासुद्धा नाही, जेमतेम घड्याळ बघण्याइतका. चर्र असा आवाज आला. मागोमाग तिने श्वास सोडला, तसा दुसऱ्या बाजूनेही आला. खणाच्या कडेचे धागे सुटे होऊन माझ्या पाच मिलिमीटरांतून बाहेर डोकावत होते.

आईने चष्मा लावला, ब्लाउज उलटा केला, बगलेतली शिवण बोटाने चाचपली.

"माया कुठाय?"

"आई, आता तो विषय..."

"अरे, माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड! इंचभर सोडतात. उसवलं तर परत धरायला, अंग सुटलं तर वाढवायला. तुला वाटलं काय?"

मला काय वाटलं ते मी सांगितलं नाही. बायको मात्र पलंगावर पडून हसत होती, त्यात डावी शिवण आणखी दोन बोटं गेली.

पुढचं आईने केलं. दोन्ही पूर्ण बाह्या सोडवल्या आणि त्यांच्या खालच्या भागातून एक डावी, एक उजवी अशा कोपरापर्यंतच्या बाह्या काढल्या. उरलेल्या तुकड्यांच्या पट्ट्या दोन्ही बगलांत घातल्या. माझ्याकडे हुका लावायचं काम आलं. पण कडेला धरायला कापडच नव्हतं, तेव्हा आईने बजावून सांगितलं, "हात खांद्याच्या वर न्यायचा नाही हं."

त्यामुळे लग्नात प्रत्येक मंगलाष्टकानंतर बायको आपल्या अक्षता माझ्या मुठीत देत होती आणि मी दोन्ही हातांनी टाकत होतो. मुलाकडच्यांना माझा उत्साह विशेष वाटला असावा.

जेवणाच्या पंगतीत शेजारच्या बाईंनी तिच्या पाठीकडे निरखून विचारलं, "लटकनं किती छान! कुठल्या बुटीकमधून शिवलात?"

"घरीच," बायको म्हणाली. आणि कोपर अंगाशी घट्ट धरून, वाकून मठ्ठ्याची वाटी उचलत पुढे म्हणाली, "पण ते ऑर्डर घेत नाहीत."