दोन महिन्यांत संशोधक कसं व्हावं

आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, १९७९ पासून एमबीबीएस आणि बीडीएसच्या मुलांना दोन महिने संशोधन करायची संधी देते. योजनेचं नाव 'शॉर्ट टर्म स्टुडंटशिप', कॉलेजात सगळे एसटीएस म्हणतात. पदवीच्या वयातच संशोधनाची गोडी लागावी, असा परिषदेचा हेतू. तुम्ही तो फार मनावर घेऊ नका. तुम्हाला सीव्हीत एक ओळ हवी आहे, सोबत मानधन आलं तर ते परत करायचं नाही, एवढं ठरलं की अर्धं काम झालं. गोडीचं पुढे बघता येईल.

पहिलं काम गाईड शोधणं. ते शक्य तितकं लांबवा. एका गाईडला एकच विद्यार्थी घेता येतो आणि गाईड कॉलेजातला पूर्णवेळ अध्यापकच लागतो, हा नियम अर्जाचं पोर्टल सुरू झाल्यावर वाचावा. तोवर पीएसएमचे, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राचे, जे सर खरोखर मुलांना बसवून प्रोटोकॉल (अभ्यासाचा आराखडा) लिहायला शिकवतात, ते कुणीतरी दिवाळीतच पटकावलेले असतात. मग वॉर्डातल्या आवडत्या रेसिडेंट दादाला, म्हणजे अजून स्वतःच एमडी शिकणाऱ्या डॉक्टरला, विचारा. तो आनंदाने हो म्हणेल, कारण त्याचं नाव गाईड म्हणून चालत नाही हे त्यालाही माहीत नसतं. शेवटी ज्या मॅडम 'लिहून आण, सही करते' म्हणतात, त्यांना धरा. लिहिलेलं वाचते, असं त्या म्हणालेल्या नाहीत, हे लक्षात ठेवा.

आता विषय. यावर डोकं शिणवायचं कारण नाही, साचा तयार आहे: 'नॉलेज, अ‍ॅटिट्यूड अँड प्रॅक्टिस', पुढे काहीही, पुढे 'अमंग मेडिकल स्टुडंट्स'. जैववैद्यकीय कचरा घ्या. पिवळ्या पिशवीत काय आणि लाल पिशवीत काय, हे वर्गमित्रांना गूगल फॉर्मवरून विचारा. फॉर्म बॅचच्या ग्रुपवर टाका, खाली 'प्लीज भरा रे' लिहा. याचा निष्कर्ष अभ्यासाआधीच ठाऊक असतो (ज्ञान चांगलं, आचरण कमी), त्यामुळे रिपोर्टचा शेवट आजच लिहून ठेवता येतो. परीक्षकांनी असे प्रस्ताव ढिगाने पाहिलेले असतात. एक आणखी पाहून त्यांचं काय बिघडणार आहे?

साचा नकोच असेल, काहीतरी भव्य हवं असेल, तर रक्त तपासा. एलायझा, म्हणजे रक्तातले घटक मोजायची चाचणी, तिच्या किटमध्ये ९६ खाचा असतात. स्टँडर्ड, कंट्रोल आणि ब्लँक यांनी पंधरा-सोळा खाल्ल्या की ऐंशीच्या आसपास उरतात, आणि प्रत्येक नमुना नीट दोनदा लावायचा म्हटलं तर रुग्ण बसतात चाळीस. तुम्ही प्रस्तावात दीडशे लिहा. किटचे पैसे कोण देणार, हा प्रश्न प्रस्तावात येऊ देऊ नका. मानधन तुमच्यासाठी आहे, किटसाठी वेगळं अनुदान नाही. खरेदीची फाईल स्टोअरमधून फिरून किट येईपर्यंत दोन महिने संपतात. आलंच, तर २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. ते शुक्रवारी संध्याकाळी टेबलावर ठेवून घरी जा.

ऋतूचाही विचार करायचा नाही. सुट्टीतला अभ्यास म्हणून एप्रिल-मे ठरवा आणि विषय घ्या 'मुंबईतल्या लेप्टोस्पायरोसिसच्या रुग्णांची लक्षणं'. लेप्टो पावसाचं पाणी तुंबल्यावर येतो. तुम्ही मे महिन्यात वॉर्डात कोऱ्या प्रोफॉर्म्यांचा (रुग्णाची माहिती भरायच्या फॉर्मचा) गठ्ठा घेऊन उभे, सिस्टर विचारतात, 'कोण हवंय?' शाळकरी मुलांचा रक्तक्षय घेतलात तर आणखी सोपं. शाळेलाच कुलूप, पोरं मामाच्या गावाला. शिवाय सात ते अठरा वयाच्या मुलांच्या अभ्यासात पालकांच्या संमतीसोबत मुलांची स्वतःची संमतीही लागते, बारा वर्षांवर असतील तर लेखी. पण पोरंच नाहीत, तेव्हा तोही त्रास वाचला.

नमुन्याची संख्या ३८४ लिहा. का, असं कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर 'सूत्राने' म्हणा. सूत्र खरं आहे: १.९६ चा वर्ग, गुणिले पी (अपेक्षित प्रमाण), गुणिले क्यू (शंभरातून पी वजा), भागिले जेवढी चूक चालवून घ्यायची तिच्या वर्गाने. पी ५० टक्के धरला आणि चूक ५ टक्के, की ३८४ येतात. पण ५० टक्के हा आकडा धरायचा असतो आधीचा एकही अभ्यास सापडत नसेल तेव्हा. आधीच्या अभ्यासात प्रमाण १० टक्के आलेलं असेल तर त्याच चुकीला १३८ वर येतो. ५० टक्केच धरून चूक १० टक्के चालवून घेतली तर ९६. मात्र १० टक्के प्रमाणाला १० टक्के चूक धरू नका, उत्तर शून्य ते वीसमध्ये कुठेही येईल. किंवा धरा, आपल्याला काय. हे सगळं पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या साइटवर, तासभर बसल्याशिवाय कळत नाही, म्हणून ३८४.

या आकड्याला दिवसांनी भागू नका, भीती वाटते. दोन महिन्यांतले रविवार आणि सुट्ट्या वगळून पन्नास दिवस उरले, तर रोज आठ रुग्ण. माहितीपत्रक वाचून दाखवणं, सही किंवा अंगठा आणि प्रश्नावली मिळून माणशी वीस मिनिटं, म्हणजे रोज दोन तास चाळीस मिनिटं. तीही सकाळच्या ओपीडीत, ज्या वेळी तुमचं क्लिनिकल पोस्टिंग असतं आणि आजींना एसटी पकडायची असते. तिसऱ्या आठवड्यानंतर प्रोफॉर्मा वॉर्डातल्या कट्ट्यावर बसून भरणारे काही जण असतात. सगळ्या रुग्णांचं वजन शून्याने किंवा पाचाने संपायला लागलं, रक्तदाब सरसकट १२०/८० झाला, की जाणकाराला ते पहिल्या पानावर दिसतं. यावर विनोद करवत नाही. खोट्या आकड्यांपेक्षा रिकामी शीट परवडली.

प्रस्ताव लिहिताना आपली ओळख ठसठशीत ठेवा. मूल्यमापन नाव झाकून होतं. विद्यार्थी, गाईड किंवा कॉलेज यांचा उल्लेख मजकुरात आला की अर्ज बाद. म्हणून मेथडॉलॉजीत 'आमच्या रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत' असं लिहून पुढे गावासकट नाव द्या. ते जमलं नाही तर फाईलला स्वतःचं नाव द्या. तेही विसरलात तर वर्ड फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखक म्हणून तुम्हीच बसलेले आहात, कुणी मुद्दाम पुसलं नाही तोवर.

गाईड आणि संस्थाप्रमुखांच्या सह्या-शिक्क्याचं पत्र शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवा. डीन त्या दिवशी मंत्रालयात असतात. शिक्का कपाटात आणि किल्ली ज्यांच्याकडे ते जेवायला गेलेले असतात. आवक-जावकच्या खिडकीवर भांडू नका, तिथला माणूस बरोबरच सांगत असतो: 'हे गेल्या आठवड्यात का नाही आणलं?' रात्री स्कॅन केलेली फाईल मर्यादेपेक्षा मोठी निघते आणि पोर्टल गोल गोल फिरत राहतं.

एथिक्स कमिटीचं, म्हणजे अभ्यासाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीचं, नंतर पाहू, असं सगळेच म्हणतात. कमिटीच्या बैठकीला किमान पाच सदस्यांचा कोरम लागतो, अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात, आणि ती तुमच्या सोयीने भरत नाही. मराठी संमतीपत्र इंग्रजीवरून असं उतरवा की रुग्णाला 'सहभागी विषयाची स्वेच्छा' वगैरे वाचून वकील लागेल. नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ सारख्या प्रश्नावलीचं मराठी भाषांतर आधीपासून तपासलेलं उपलब्ध असतं, तरी ते आपणच रात्रीत करा. कमिटी ते परत पाठवेल, सुधारणा सुचवेल, तोवर तुम्ही डेटा गोळा करून मोकळे झालेले असाल. केलेल्या अभ्यासाला मागच्या तारखेची मंजुरी मिळत नाही. तेव्हा तो सगळा कागद रद्दीच्या भावाने जातो.

समजा तुमच्या दुर्दैवाने निवड झाली. रिपोर्ट मंजूर झाल्यावरच मानधन आणि प्रमाणपत्र मिळतं, आणि रिपोर्टलाही तारीख असते. एक्सेलमध्ये लिंगाच्या रकान्यात 'एम', 'मेल', 'पुरुष' आणि नुसतं 'प' असे चारही प्रकार ठेवा, म्हणजे संख्याशास्त्राच्या मॅडमना एका अभ्यासात चार लिंगं सापडतील. मग प्रत्येक रकान्याची प्रत्येकाशी काय-स्क्वेअर (दोन गोष्टींचा संबंध तपासणारी चाचणी) लावा. वीस ठिकाणी लावली की निव्वळ योगायोगाने एखादी पी-व्हॅल्यू (मघाचा पी नव्हे) ०.०५ च्या खाली येण्याची, म्हणजे संबंध 'सिद्ध' दिसण्याची, शक्यता चांगलीच असते. तोच तुमचा मुख्य निष्कर्ष. तो 'रक्तगट आणि चहाचे कप' असला तरी चर्चेत त्याला दोन पानं द्या, आणि शेवटी 'मोठ्या नमुन्यावर अभ्यास व्हायला हवा' लिहायला विसरू नका. मोठा म्हणजे ३८५.