पाकिटावर गाडीचं नाव लिहायचं नाही, म्हणे!

आज चंद्रपूरहून एसटी पार्सलने गाडीच्या काचेभोवती बसणारं एक रबर परत आलं. पुढच्या काचेचं मागितलं होतं, गेलं मागच्या काचेचं, आणि तेही दुसऱ्याच गाडीचं. तेव्हापासून डोकं सणकलंय. लिहून टाकतो, नाहीतर जेवण जायचं नाही.

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतले आपले रबरवाले काका. ज्याच्या दारात जुनी गाडी उभी आहे त्याला ओळख करून द्यायची गरज नाही. दोन खोल्यांचं युनिट, रबराची पट्टी काढणारा एक एक्सट्रुडर, एक प्रेस, हाताखाली दोन पोरं. पंधरा-सोळा बंद पडलेल्या मॉडेलांची काचेची रबरं आणि दाराची बीडिंग बनवतात. आठ दिवसांपूर्वी त्यांना एका कार कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. नऊ पानं, सगळी इंग्रजीत. तुमच्या पाकिटावर आमच्या गाडीचं नाव आहे, ते आमचं ट्रेडमार्क आहे. पंधरा दिवसांत विक्री बंद करा, माल नष्ट करा, डाय (रबराला आकार देणारा साचा) आमच्या हवाली करा, तीन वर्षांचा हिशेब द्या आणि सोबतच्या हमीपत्रावर सही करा.

कंपनीचं नाव लिहीत नाही. काकांना एक नोटीस पुरे आहे.

आता हे पाकीट केवढं भयंकर आहे ते बघा. पारदर्शक पिशवी, तिला स्टेपल केलेला पिवळा कागद. कागदावर साध्या टायपात गाडीचं नाव, मॉडेलचं वर्ष, 'पुढच्या काचेचं रबर' आणि खाली काकांचा फोन नंबर. लोगो नाही, 'ओरिजिनल' नाही, 'जेन्युइन' नाही. काकांनी घाबरून सगळे कागद फाडले आणि पिशव्यांवर स्केचपेनने आकडे टाकले, १ ते १६. कुठला आकडा कुठली गाडी ते त्यांच्या डायरीत. पोराने ९ चा ६ वाचला आणि रबर चंद्रपूर फिरून आलं. गिऱ्हाईक म्हणतं, काका, तुमचं वय झालं आता.

आणि हीच कंपनी तो भाग आज बनवत नाही! तिच्याच सर्व्हिस सेंटरचा माणूस गिऱ्हाइकाला हळूच सांगतो, 'हिंगण्याला जा, तिथे मिळेल.' राजेहो, याला काय म्हणावं?

रबर म्हणजे नुसती काळी पट्टी असं वकीलसाहेबांना वाटत असेल तर सांगतो. जुन्या रबरावरून माप घेतलं की माणूस फसलाच, कारण तीस-चाळीस वर्षांत ते आकसलेलं असतं. माप घ्यायचं ते काचेच्या कडेचं आणि बॉडीच्या पत्र्याच्या ओठाचं. दोन्ही खाचांची रुंदी वेगळी, खोली वेगळी. मिलिमीटरभर सैल राहिलं तर पहिल्या पावसात डॅशबोर्डखाली पाणी, घट्ट झालं तर बसवतानाच काच तडकते. नुसतं नैसर्गिक रबर वापरलं तर आपल्या मे महिन्याच्या ४५ अंशांत आणि उन्हात दोन-तीन वर्षांत भेगा पडतात, म्हणून ईपीडीएम, म्हणजे उन्हात टिकणारं कृत्रिम रबर, घ्यावं लागतं. पण ईपीडीएमला साधा गोंद धरत नाही, म्हणून कोपरे साच्यात तापवून जोडायचे. लांबी परिघाइतकीच कापली तर काही महिन्यांत सांधा उघडतो, म्हणून थोडी जास्त ठेवून दाबून बसवायची. मग बसवणं. आधी रबर काचेला चढवायचं, बाहेरच्या खाचेत दोरी घालायची, साबणाचं पाणी लावायचं, एकाने बाहेरून तळहाताने दाबायचं आणि दुसऱ्याने आतून दोरी ओढत रबराचा ओठ पत्र्यावर चढवायचा. शेवटी रबर घट्ट धरणारी लॉकची पट्टी. हे सगळं ज्या डायवर उभं आहे, ती डाय म्हणे हवाली करा. रबराच्या प्रोफाइलचा, म्हणजे पट्टीच्या आकाराचा, आणि ट्रेडमार्कचा संबंध काय, हे नऊ पानांत एकदाही लिहिलेलं नाही.

इथे खरी मेख आहे. पेटंट २० वर्षांनी संपतं. नोंदवलेलं डिझाइन १० अधिक ५, म्हणजे फार तर १५ वर्षं. ज्या डिझाइनची नोंदणी होऊ शकत होती पण केली नाही, त्याचा कॉपीराइट ५० पेक्षा जास्त नग कारखान्यात निघाले की संपतो. म्हणजे जुन्या गाडीच्या आकारावर कंपनीच्या हातात फारसं काही उरत नाही. उरतं ते ट्रेडमार्क, कारण ते दर १० वर्षांनी पैसे भरून अमर ठेवता येतं. म्हणून आकार अडवता येत नाही तर नाव अडवायचं. नाव अडलं की माल आपोआप अडतो. काकांचं स्केचपेन बघा, म्हणजे कळेल.

कायद्यात याची सोय आहे. ट्रेड मार्क्स ॲक्ट १९९९, कलम ३०(२)(ड). तुमचा माल दुसऱ्याच्या मालाचा भाग किंवा ॲक्सेसरी म्हणून बसणारा असेल आणि तो कशाला बसतो हे सांगण्यासाठी त्याचं नाव घेणं रास्तपणे गरजेचं असेल, तर ते उल्लंघन नाही. अट एकच, त्या कंपनीशी तुमचा संबंध आहे असा खोटा भास व्हायला नको. युरोपच्या न्यायालयाने १९९९ मध्येच बीएमडब्ल्यू विरुद्ध डीनिक प्रकरणात सांगितलं की कंपनीच्या साखळीबाहेरचा गॅरेजवालाही 'मी बीएमडब्ल्यू दुरुस्त करतो' अशी जाहिरात करू शकतो. २०११ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने फोक्सवॅगनच्या प्रकरणात रेघ आखली : नाव अक्षरांत लिहा, गोल लोगो लावू नका. कोणालाही पटेल अशी रेघ आहे ही. काका तर तिच्या कितीतरी अलीकडे उभे होते.

हो, उलटे निकालही आहेत, लपवत नाही. आपल्याकडे हॉकिन्सच्या कुकरच्या रिंगचं प्रकरण २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे गेलं आणि रिंगवाला हरला. का, ते नीट वाचा : ती रिंग इतर कुकरांनाही बसत होती, मग हॉकिन्सचंच नाव कशाला? आणि पाकिटावर ते नाव ठळकही होतं. काकांचं रबर एकाच गाडीला बसतं, हा फरक उत्तरात पहिल्या पानावर यायला हवा. युरोपात जानेवारी २०२४ मध्ये ऑडीच्या प्रकरणात आणखी कडक झालं. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या ऑडींसाठी पोलंडचा एक जण ग्रील विकत होता, त्यात ऑडीच्या लोगोच्या चार कड्या अडकवायची जागा कड्यांच्याच आकाराची होती. न्यायालय म्हणालं, ती जागा ट्रेडमार्कसारखी दिसत असेल तर तोही ट्रेडमार्कचा वापर, कंपनी अडवू शकते. मला हा निकाल पटत नाही. ग्रीलमध्ये मोनोग्राम, म्हणजे कंपनीचं चिन्ह, बसवायचा म्हटल्यावर भोक त्याच आकाराचं असणार, चौकोनी पाडायचं का?

मोनोग्रामवरून आठवलं, आपल्यातल्या शहाण्यांनाही दोन शब्द. मोनोग्राम नवीन ओतून विकू नका. तो स्वतःच ट्रेडमार्क आहे, तिथे 'कशाला बसतं' हा बचाव चालत नाही, आणि कलम १०३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. जुना असेल तर तोच दुरुस्त करा. बहुतेक मोनोग्राम जस्ताच्या मिश्रधातूचे, म्हणजे मझॅकचे असतात. जुना क्रोम उतरवा, खड्डे घासा, आधी अल्कलीतल्या तांब्याचा थर, मग निकेल, मग क्रोम. प्लेटिंगवाल्याने घाईत थेट ॲसिडच्या टाकीत बुडवला तर जस्त खाल्लं जातं आणि महिन्याभरात फोड येतात.

नकली ब्रेक पॅड विकणाऱ्यांना मात्र कंपन्यांनी जरूर तुडवावं, त्यात माझं दुमत नाही. पण पिवळा कागद म्हणजे नकली ब्रेक पॅड नव्हे हो!

आणि नावाची मालकी तरी बघा कुठे फिरते. अँबेसेडर २०१४ मध्ये उत्तरपाड्यात बंद पडली, २०१७ मध्ये तिचं नाव ८० कोटींना फ्रान्सच्या पूजोकडे गेलं. पूजो, फियाट आणि जीप २०२१ पासून एकाच स्टेलांटिस समूहात आहेत. (नोटीस यांची नाही, उगाच तर्क लढवू नका.) सांगायचं एवढंच की नाव विकलं जातं, पण गाडी चालू ठेवणारा तोच मिस्त्री, तोच रबरवाला.

ज्यांना अशी नोटीस येईल त्यांनी हमीपत्रावर सही करू नये. हे तीनदा वाचा. कंपनी माणुसकीच्या नात्याने पाठवते असं दाखवते, पण ती सही म्हणजे कबुली, आणि पुढच्या प्रत्येक भांडणात तोच कागद तोंडावर मारतात. आधी आयपी इंडियाच्या, म्हणजे सरकारी ट्रेडमार्क नोंदणीच्या, साइटवर नाव शोधा : नोंदणी कुठल्या वर्गात आहे (१२ गाड्या व भाग, १७ रबर, ३७ दुरुस्ती, २५ कपडे, म्हणजे जुन्या गाड्यांच्या क्लबचे टी-शर्ट), नूतनीकरण झालंय का, मालक तोच आहे का. नोंदणीनंतर सलग पाच वर्षं नाव वापरलंच नसेल तर कलम ४७ खाली ते काढून टाकायचा अर्ज करता येतो, फॉर्म टीएम-ओ, ऑनलाइन २,७०० रुपये. मात्र फेरारीच्या टेस्टारोसा या जुन्या मॉडेलच्या नावाच्या प्रकरणात युरोपच्या न्यायालयाने २०२० मध्ये सुटे भाग आणि सर्व्हिस यांनाही वापर मानलं, तेव्हा हा रामबाण समजू नका. उत्तर मुदतीत, वकिलाकडूनच द्या. निराधार धमकीला कलम १४२ आहे, उलट तुम्हीच दावा लावू शकता, फक्त त्यांनी खरोखर खटला भरला की हे कलम गळतं. एकतर्फी मनाई हुकमाची भीती असेल तर कोर्टात कॅव्हेट, म्हणजे 'आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा अर्ज, टाकून ठेवा, ते ९० दिवस टिकतं. आणि स्वतःचं नाव नोंदवा, लहान धंद्याला ऑनलाइन ४,५०० रुपये एका वर्गाचे. गंमत म्हणजे बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था आपल्याच नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे, आणि हिंगण्यात लोक स्केचपेनने आकडे टाकतायत.

हे सगळं दुपारी काकांना सांगितलं. ते शांतपणे परत आलेलं रबर पुसत होते. म्हणाले, "भाऊ, कायदा राहू द्या. कागदावर लिहू काय ते सांगा." मग राग उतरला, आणि बसून लेबल केलं. वर मोठ्या अक्षरांत काकांचं नाव. मध्ये : पुढच्या काचेचं रबर, ईपीडीएम. खाली निम्म्या आकारात : अमुक गाडीच्या अमुक ते अमुक सालच्या मॉडेलला बसते. सर्वांत खाली : हा माल गाडीच्या कंपनीने बनवलेला नाही, तिच्याशी आमचा संबंध नाही. वकिलाने बघून एक शब्द बदलला, नोटिशीचं उत्तर सोमवारी जातंय.

इतवारीतला छापणारा म्हणतो, एका लेबलच्या हजार प्रतींशिवाय मशीन लावत नाही. सोळा मॉडेलं, सोळा हजार लेबलं. काही गाड्यांची तर वर्षाला दहा रबरं जातात. कुणाकडे साधा लेबल प्रिंटर पडून असेल तर कळवा. चंद्रपूरचं बरोबर रबर उद्याच्या गाडीने जाईल, त्यावर तूर्त मी बॉलपेनने गाडीचं नाव लिहिलंय.