सात डॉलर आणि चोपन्नावी मॅसॅच्युसेट्स पलटण

माझी भाची नववीत आहे. ११ एप्रिलला, महात्मा फुले जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेत ती 'गुलामगिरी'च्या अर्पणपत्रिकेवर बोलणार आहे. परवा भाषण म्हणून दाखवता दाखवता मध्येच थांबली आणि म्हणाली, "मावशी, अमेरिकेतल्या गुलामांनी स्वतः काहीच केलं नाही ना गं? सगळं गोऱ्यांनीच केलं?" हे कुठून आणलंस, असं विचारल्यावर तिने फोन पुढे केला. तोच मेसेज. माझ्याकडेही तो तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा मी गप्प बसले होते. आता तो शाळेच्या व्यासपीठावरून बोलला जाणार म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

मेसेज थोडक्यात असा: जोतीरावांनी १८७३ साली पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गोऱ्यांना, कारण गुलाम नुसते हात जोडून बसले होते. अमेरिकेच्या यादवी युद्धातली (१८६१ ते १८६५, केंद्र सरकार विरुद्ध गुलामगिरी राखू पाहणारी दक्षिणेकडची राज्यं) त्यांची म्हणून जी पहिली पलटण मिरवली जाते, ती ५४वी मॅसॅच्युसेट्स, ती पोटासाठी भरती झालेल्या पळपुट्या गुलामांची. हुकूम सोडणारे सगळे गोरे. ऐन युद्धात ही पलटण पगार वाढवून घ्यायला अडून बसली. आणि पहिल्याच मोठ्या हल्ल्यात कापली गेली, विषय संपला.

पगाराचं आधी घेते, कारण मला सगळ्यात जास्त चीड त्याची आली.

मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी १८६३च्या सुरुवातीला ही पलटण उभारली, तेव्हा भरती होणाऱ्यांना शब्द दिला होता की गोऱ्या शिपायाला मिळतं तेच तुम्हाला मिळेल. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर होते, कपड्यांचे पैसे वेगळे. ही माणसं कवायत शिकून दक्षिण कॅरोलायनात पोचली, आणि मग सरकारने १८६२च्या एका कायद्यावर बोट ठेवलं. त्या कायद्यात काळ्या माणसाला १० डॉलर होते आणि त्यातून ३ डॉलर कपड्यांचे कापून घ्यायचे होते. हातात सात. पलटणीने काय करावं? सात डॉलर घेतलेच नाहीत. एकदा नाही, पगारवाटप करणारा अधिकारी आला की दर वेळी. मॅसॅच्युसेट्स राज्य म्हणालं, वरचे पैसे आम्ही आमच्या तिजोरीतून भरतो. तेही नाकारले. कारण प्रश्न डॉलरचा नव्हताच. केंद्र सरकार आपल्याला शिपाई मानतं की नाही, एवढाच होता.

हे जवळजवळ दीड वर्ष चाललं. घरून पत्रं येत होती, बायकामुलांचे हाल चालले होते. इकडे हे लोक खंदक खणत होते, तोफांच्या माऱ्यात पहारा देत होते, लढत होते आणि एक पैसा घेत नव्हते. मेसेज लिहिणाऱ्याला यात पगारासाठी अडून बसणं दिसलं. काम बंद ठेवून पैसे मागणं वेगळं आणि पैसे नाकारून काम करत राहणं वेगळं, एवढंही ज्याला कळत नाही त्याने जोतीरावांचं नाव घेऊ नये.

या पलटणीतला कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंग याने २८ सप्टेंबर १८६३ला थेट राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना पत्र लिहिलं. ते पत्र आजही वाचायला मिळतं. त्यात त्याने विचारलं आहे: आम्ही शिपाई आहोत की मजूर?

अखेर जून १८६४मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, समान पगार मंजूर केला, पण त्यातही एक खोच ठेवली. भरतीपासूनची पूर्ण थकबाकी फक्त त्यांनाच, जे १९ एप्रिल १८६१ रोजी स्वतंत्र होते. आता पलटणीत काहीजण त्या दिवशी गुलाम होते. त्यांनी खोटं बोलायचं? कर्नल एडवर्ड हॅलोवेल याने शपथेचे शब्दच असे बेतले: त्या दिवशी किंवा त्याआधी आपण कुणाचंही बिनमोबदल्याचं श्रमाचं देणं लागत नव्हतो. ही शपथ गुलामही उजळ माथ्याने घेऊ शकत होता, कारण देवाच्या दरबारात तो मालकाचं काही देणं लागतच नव्हता. भाचीला मी हा परिच्छेद दोनदा वाचून दाखवला.

आता 'पळपुटे गुलाम'. पलटणीतले बहुसंख्य लोक पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, ओहायो, मॅसॅच्युसेट्स अशा उत्तरेकडच्या राज्यांतले, जन्मापासून स्वतंत्र होते. गुलामगिरीविरुद्ध लढणारे काळे नेते फ्रेडरिक डग्लस यांचे दोन मुलगे त्यात होते. गुलाम म्हणून जन्मलेलेही होते, विल्यम कार्नी त्यातलाच. दक्षिण कॅरोलायनातल्या वॅग्नर किल्ल्यावरच्या हल्ल्यात (मेसेजमधला 'पहिला मोठा हल्ला' तो हाच) निशाण पडायला आलं तेव्हा ते उचलून, अंगावर अनेक जखमा झेलत त्याने ते परत आणलं. त्याचं सन्मानपदक मिळायला १९०० साल उजाडलं. यात हात जोडून कोण बसलं होतं?

पहिली पलटण म्हणाल तर नाही. कॅन्ससच्या काळ्या पलटणीने ऑक्टोबर १८६२मध्येच लढाई दिली होती, लुइझियाना आणि दक्षिण कॅरोलायनातही त्याआधी पलटणी उभ्या राहिल्या होत्या. यादवी संपेपर्यंत सुमारे १,८०,००० काळे शिपाई केंद्राच्या सैन्यात दाखल झाले.

अधिकारी गोरे होते, हे खरं आहे. नाइलाजाने मान्य करते. पण ते तसे का होते? वरच्या हुद्द्यावर काळा माणूस सरकारला चालत नव्हता म्हणून. याच पलटणीतला सार्जंट स्टीफन स्वेल्स याला गव्हर्नरांनी अधिकारपद दिलं, तर युद्धखात्याने ते मान्य करायला १८६५चा जानेवारी लावला. आणि पहिला कर्नल रॉबर्ट शॉ वॅग्नरच्या तटावर पडला, तेव्हा शत्रूने त्याला त्याच्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरलं. देह हलवायचा प्रश्न आला तेव्हा त्याच्या वडिलांनीच तो तिथेच राहू द्या म्हणून कळवलं. जोतीरावांनी अर्पणपत्रिकेत ज्यांच्या निरपेक्षतेचा गौरव केला ते असे लोक, हे मी मानते. पण त्यांना मान द्यायचा म्हणून शेजारी पुरलेल्यांना निकम्मे ठरवायचं, हे कुठलं तर्कशास्त्र?

राहिलं 'कापली गेली, संपली'. या पलटणीचा इतिहास कॅप्टन लुइस एमिलिओ याने १८९१ साली लिहिला. वॅग्नरच्या रात्री वरचे सगळे अधिकारी पडल्यावर पलटणीची सूत्रं याच माणसाच्या हाती आली होती, त्यामुळे त्याचं ऐकायला हवं. १८ जुलै १८६३च्या त्या हल्ल्यात सुमारे ६०० जण उतरले, त्यातले २७२ मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. नुकसान भयंकर होतं. पण त्यानंतर ही पलटण आणखी दोन वर्षं होती. नोव्हेंबर १८६४ला हनी हिलची लढाई, एप्रिल १८६५ला बॉयकिन्स मिलची, तीही दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करल्यानंतर. सप्टेंबर १८६५मध्ये बॉस्टनमध्ये संचलन करून ती विसर्जित झाली.

मधली एक लढाई पाच मिनिटांच्या भाषणात बसत नाही म्हणून भाचीने गाळली, ती इथे लिहिते. २० फेब्रुवारी १८६४, फ्लोरिडातलं ओलस्टी. केंद्राची फौज मागे हटत होती आणि ५४वीला पुढे पाठवलं गेलं. धावत जाताना शिपाई ओरडत होते: मॅसॅच्युसेट्सचा जयजयकार, आणि महिना सात डॉलरचाही! बाकीची फौज निघेपर्यंत त्यांनी शत्रूला थोपवून धरलं. नंतर जखमींनी भरलेल्या आगगाडीचं इंजिन बंद पडलं, तेव्हा याच थकलेल्या लोकांना माघारी पाठवलं. त्यांनी इंजिनाला दोर बांधले आणि गाडी हातांनी ओढत नेली.

गुडिंग त्या दिवशी जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. अँडरसनव्हिलच्या तुरुंगात १९ जुलै १८६४ला तो वारला. पलटणीला पूर्ण पगार मिळाला तो त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी.