‘आता ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप घेऊच नका’ या मेसेजमधला एकेक मुद्दा

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, सोसायटीच्या ग्रुपवर, क्लासच्या ग्रुपवर, नातेवाईकांच्या ग्रुपवर. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: आत्ता ग्राफिक्स कार्डवाला (गेम, थ्रीडीची चित्रं काढायला वेगळी चिप असलेला) लॅपटॉप घेऊन पैसे घालवू नका, येणाऱ्या चिपमध्ये आतलंच ग्राफिक्स एनव्हीडियाच्या आरटीएक्स ४०७० या कार्डच्या तोडीचं आहे, लीक झालेले स्कोअर बघा, वेगळं कार्ड आता संपलं, एआयचे टॉप्स (एआयच्या कामाचा वेग मोजायचं माप) पण भरपूर आहेत, आणि थांबलात तर स्वस्तात मिळेल.

हे वाचून पोरं खरंच थांबतायत. इंजिनिअरिंगला किंवा अ‍ॅनिमेशनला अ‍ॅडमिशन झालीय, कॉलेज सुरू झालंय, सबमिशन डोक्यावर आहेत आणि घरी लॅपटॉप नाही, कारण काकांनी हा मेसेज पाठवलाय. बहुतेक घरांत चार वर्षांसाठी एकच लॅपटॉप घेतला जातो, म्हणून हे नीट लिहावंसं वाटलं.

पहिलं म्हणजे ‘४०७० च्या तोडीचं’. कुठला ४०७०? डेस्कटॉपवाल्यात ५८८८ कोअर (एकाच वेळी हिशोब करणारे छोटे भाग) आणि १२ जीबी मेमरी आहे, लॅपटॉपवाल्यात ४६०८ कोअर आणि ८ जीबी. नाव एकच पण वस्तू वेगळी. त्यात लॅपटॉपवाला ४०७० पण एक नाहीये, कंपनी त्याला किती वॅट देते त्यावर सगळं ठरतं आणि एनव्हीडियाच्याच यादीत ही रेंज ३५ ते ११५ वॅट अशी आहे. म्हणजे पातळ, दिसायला छान लॅपटॉपमधला कमी वॅटचा ४०७० हा जाड लॅपटॉपमधल्या फुल पॉवर ४०६० च्या, म्हणजे खालच्या मॉडेलच्या, मागे पडू शकतो. मग एखाद्या नव्या चिपची तुलना त्या उपाशी ठेवलेल्या ४०७० शी केली आणि ‘बरोबरी झाली’ म्हटलं तर ते खोटं नसतं, पण तुम्हाला जे वाटलं ते पण ते नसतं. मेसेजमध्ये वॅटचा आकडा कुठेच नाही, आणि तो नसेल तर बाकी सगळे आकडे माझ्या मते बिनकामाचे आहेत.

आता लीक स्कोअर. बाजारात न आलेल्या चिपचे जे स्कोअर बाहेर येतात ते बरेचदा इंजिनिअरिंग सॅम्पलचे, म्हणजे चाचणीसाठी बनवलेल्या नमुन्याचे असतात, ड्रायव्हर कच्चा असतो, रॅम कुठली, कूलिंग कसं हे माहीत नसतं, त्यामुळे खरा माल त्यापेक्षा चांगला पण निघू शकतो आणि वाईट पण. आणि टेस्ट तरी कुठली, तर दोन-तीन मिनिटांत संपणारी. आपल्याकडे मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत ३३ डिग्री आणि वर घाम काढणारी हवा, त्यात रात्रभर रेंडर (थ्रीडी सीनचं पक्कं चित्र काढायचं काम) लावून ठेवला की लॅपटॉप तापतो, तापला की स्वतःच वेग कमी करतो, मग पहिल्या दोन मिनिटांचा आकडा काय कामाचा.

कंपनीच्या स्टेजवरचे आकडे पण असेच जपून घ्यायचे. जानेवारी २०२५ मध्ये सीईएस या टेक प्रदर्शनात एनव्हीडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी सांगितलं की नव्या ५०७० कार्डमध्ये आधीच्या पिढीतल्या सगळ्यात वरच्या ४०९० चा परफॉर्मन्स मिळेल. त्यात मल्टी फ्रेम जनरेशन धरलेलं होतं, म्हणजे कार्ड एक फ्रेम (स्क्रीनवरचं एक चित्र) खरी काढतं आणि एआय त्यात आणखी तीनपर्यंत घालतं. स्क्रीनवर गेम न अडखळता सलग दिसतो हे खरं, पण माऊस हलवल्यावर गेम किती पटकन ऐकतो ते खऱ्या फ्रेमवरच ठरतं, उलट मधल्या फ्रेम बनवायला पुढची फ्रेम थोडी रोखून ठेवावी लागते. आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सीन रेंडर करणाऱ्या पोराला त्याचा फायदा शून्य.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो या मेसेजमध्ये अजिबात नाहीये, तो मेमरीचा. ग्राफिक्सला नुसते कोअर पुरत नाहीत, त्या कोअरना डेटा पोचायला पाहिजे. लॅपटॉपवाल्या ४०६० आणि ४०७० ला स्वतःची ८ जीबी मेमरी आहे आणि तिथून सेकंदाला २५६ जीबी डेटा येतो. साध्या लॅपटॉपमध्ये डीडीआर५ ५६०० रॅमचे दोन स्टिक लावलेत तर ९० जीबीच्या आत, आणि एकच स्टिक असेल, जो स्वस्तातल्या मॉडेलमध्ये सर्रास असतो, तर त्याच्या निम्मा. शिवाय तो डेटा सीपीयू आणि ग्राफिक्स दोघांनी वाटून घ्यायचा. दादरला दोन्ही बाजूंच्या गाड्या एकदम लागल्या की पुलाच्या जिन्यावर जे होतं तेच इथे होतं, गाड्या वाढवून जिना रुंद होत नाही.

इथेच अजून एक गोंधळ होतो. दुकानात टास्क मॅनेजर उघडून दाखवतात, ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’ ८ जीबीच्या जवळपास, आणि सांगतात बघा ८ जीबी ग्राफिक्स. ती वेगळी मेमरी नाहीये हो! तुमच्याच १६ जीबी रॅममधली साधारण अर्धी विंडोज गरज पडली तर वापरू देतं, एवढाच तिचा अर्थ. गेमने किंवा रेंडरने ती घेतली की बाकी सगळं तेवढ्याने कमी.

मग हा दावा हवेतून आलाय का? नाही, आणि ते पण सांगायला पाहिजे. एएमडी कंपनीचा रायझन एआय मॅक्स प्लस ३९५ हा प्रोसेसर जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाला, त्यात ग्राफिक्सचे ४० कंप्युट युनिट (कोअरचे गट) आहेत आणि मेमरीचा रस्ता मुद्दाम दुप्पट रुंद केलाय, २५६ बिट, म्हणून तिथे पण सेकंदाला २५६ जीबी मिळतात. तो खरोखर ४०६० च्या आसपास जातो, काही ठिकाणी ४०७० च्या जवळ पण. फार सुंदर काम केलंय त्यांनी. पण त्याची रॅम सोल्डर केलेली, पुढे वाढवता येत नाही, आणि तो ज्या लॅपटॉपमध्ये येतो ते महागड्या रांगेतले आहेत. त्याचा आकडा उचलून ‘येणारे सगळे लॅपटॉप’ असं लिहिणं म्हणजे फसवणूक आहे. एएमडीच्याच नेहमीच्या लॅपटॉप चिपमधल्या ८९०एम ग्राफिक्समध्ये १६ युनिट असतात, ४० नाही. इंटेलचं पण तेच. पँथर लेक या त्यांच्या लॅपटॉप चिपची माहिती ऑक्टोबर २०२५ मध्ये दिली तेव्हा ग्राफिक्स आधीपेक्षा ५० टक्क्यांहून जास्त वेगवान असल्याचं सांगितलं, पण ते १२ एक्सई (इंटेलच्या ग्राफिक्स) कोअरवाल्या चिपबद्दल, आणि त्याच कुटुंबात ४ कोअरवाल्या चिप पण आहेत. बाहेरचं स्टिकर बघून तुम्हाला कळणार नाही आत कुठली आहे, पूर्ण मॉडेल नंबरच बघावा लागतो.

‘वेगळं कार्ड संपलं’ हे तर आम्ही फार वर्षं ऐकतोय. २०१३ मध्ये इंटेलचं आयरिस प्रो हे आतलं ग्राफिक्स आलं, १२८ एमबीची वेगळी मेमरी लावून, तेव्हा एनव्हीडियाच्या जीटी ६५०एम कार्डशी तुलना झाली होती. २०१८ मध्ये इंटेलने आपल्या सीपीयूशेजारी एएमडीचं रेडिऑन वेगा ग्राफिक्स बसवून केबी लेक जी हा प्रोसेसर काढला आणि २०१९ मध्ये तो बंद होणार हे जाहीर पण झालं. आता सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हीडिया आणि इंटेलने मिळून आरटीएक्स ग्राफिक्सवाली चिप बनवायचं ठरवलंय, ती येईल तेव्हा बघू, पण जे विकायला आलेलं नाही त्याच्या भरवशावर आजचं सबमिशन होत नाही.

टॉप्सबद्दल एकच वाक्य: तो आकडा बहुतेक वेळा एनपीयूचा, म्हणजे चिपमधल्या फक्त एआयच्या कामाच्या भागाचा असतो आणि एनपीयू गेम किंवा थ्रीडी सीन काढत नाही.

आणि थांबलात तर स्वस्त? एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी इतकी ओढलीय की २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव चढले, मायक्रॉनने डिसेंबरमध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. आतलं ग्राफिक्स जोरात चालायला जास्त आणि वेगवान रॅम लागते, म्हणजे नेमकी जी वस्तू महागतेय तीच. मला यात स्वस्ताई दिसत नाही.

ज्याला ऑफिसचं काम, कोडिंग, थोडं फोटोशॉप, अधूनमधून हलका गेम एवढंच करायचंय आणि रोज विरार लोकलमध्ये बॅग पाठीवर घेऊन उभं राहायचंय, त्याने आतल्या ग्राफिक्सवालाच घ्यावा, हलका असतो, बॅटरी टिकते. पण थ्रीडी, व्हीएफएक्स, मशीन लर्निंग शिकणाऱ्याने नाही, तिथे बरीच टूल्स आजही कूडावर (कार्डकडून हिशोब करून घ्यायची एनव्हीडियाची स्वतःची व्यवस्था) चालतात आणि ते फक्त एनव्हीडियावर मिळतं.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात, जाल तेव्हा मशीन चालू करायला लावा, एनव्हीडिया कंट्रोल पॅनलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा, तिथे मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर किती वॅट ते वाचा, मग टास्क मॅनेजरमध्ये रॅमचे किती स्लॉट भरलेत ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे. दुकानदार नाही म्हणाला तर शेजारच्या दुकानात जा.