त्या पोराच्या नावाची शिवी करू नका

काल रात्री नीट झोप लागली नाही. सकाळी ऑफिसच्या दोन मीटिंगा केल्या, पण लक्ष नव्हतं. म्हणून लिहून टाकते. काल जे त्या घरात होते त्यातले बहुतेक जण या ग्रुपवर आहेत, वाचतीलच. वाचावंच.

सॅक्रामेंटोजवळ फॉल्समला एका मित्राकडे आम्ही सात-आठ मराठी घरं २०२५ चा ड्राफ्ट बघायला जमलो होतो. दरवर्षी जमतो. अंगणात पावभाजीचा तवा, आत मोठ्या टीव्हीवर ब्रुकलिनमधला सोहळा, पोरं जांभळ्या जर्सीत. (नागपूरच्या मैत्रिणींसाठी सांगते: एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे तीस संघ कॉलेजातून आणि परदेशातून आलेली नवी पोरं नंबराने वाटून घेतात, ती ही रात्र. आदल्या मोसमात जास्त हरलेल्यांचा नंबर साधारण आधी, आणि अगदी वरचे नंबर सोडतीने.) आपल्या सॅक्रामेंटो किंग्जकडे यंदा पहिल्या फेरीचा नंबरच नव्हता, जुन्या ट्रेडमध्ये गेलेला. मग ओक्लाहोमाशी सौदा करून २४वा नंबर मिळवला आणि नीक क्लिफर्डला घेतलं. कोलोराडो स्टेटचा, कॉलेजात पाच वर्षं काढलेला, २३ वर्षांचा पोरगा.

नाव पुकारल्याला अर्धा मिनिट झाला नसेल, सोफ्यावरून आवाज आला, "तेवीस वर्षांचा? झालं. परत बॅग्ली केला!" (बॅग्ली म्हणजे २०१८ मध्ये किंग्जने घेतलेला मार्व्हिन बॅग्ली. आपल्याकडे फसलेल्या निवडीचं दुसरं नाव.)

सगळे हसले. मीही हसले असेन, आठवत नाही. तेवढ्यात आमचा मुलगा ताट घेऊन चालला होता. पंधरा वर्षांचा आहे, सहा फूट दोन इंच. यंदाच शाळेच्या टीममध्ये आला आहे, आणि सगळ्यांना माहीत आहे की उंचीमुळे आला आहे. त्याच्या पाठीवर थाप मारून एक काका म्हणाले, "ये रे, आमच्या घरचा बॅग्ली!"

तो हसला. ताट जिन्याच्या पायरीवर ठेवलं आणि गाडीत जाऊन बसला. निघताना ते ताट मी उचललं. पाव तसाच होता, बटर गोठून वर पांढरी साय आलेली.

काकांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे. पण वाईट मनात नसताना एका जिवंत माणसाचं नाव आपण शिवीसारखं कधीपासून वापरायला लागलो?

आता मी १९९३ वर जाणार आहे, कारण काल गाडीत बसल्याबसल्या मी तिथेच गेले होते. नागपूर, नववी, उन्हाने तापलेलं सिमेंटचं कोर्ट. पीटीच्या सरांनी टीमची यादी स्टाफरूमबाहेर लावली. बारावं नाव माझं. मी तेव्हाच पाच फूट आठ इंच होते. आमच्या वर्गात एक बुटकी मुलगी होती, दोन वेण्यांची, डाव्या हाताने अशी ड्रिबल करायची की चेंडू हाताला बांधलाय असं वाटावं. तिचं नाव यादीत नव्हतं. सर म्हणाले, "खेळ शिकवता येतो, उंची शिकवता येत नाही." मी सरांकडे काही मागायला गेले नव्हते. यादीत नाव दिसलं, आनंद झाला, घरी जाऊन आईला सांगितलं. चौदा वर्षांच्या मुलीने आणखी काय करायला हवं होतं?

मार्व्हिन बॅग्ली १९ वर्षांचा होता. २०१८ च्या मोसमात किंग्ज २७ सामने जिंकून ५५ हरले होते. हिशेबाने सातवा नंबर यायचा, सोडतीत नशिबाने दुसरा आला. पहिल्या नंबरवर फिनिक्सने एटनला घेतलं. दुसऱ्यावर किंग्जने ड्यूकचा बॅग्ली घेतला, सहा फूट अकरा इंच. तिसऱ्यावर लूका डॉन्चिच गेला. पुढचं, म्हणजे लूका मोठा तारा झाला आणि बॅग्ली नाही, सगळ्यांना पाठ आहे. दरवर्षी जूनमध्ये ते आपण पोथीसारखं वाचतो.

लूकालाच घ्यायला हवं होतं. हो. मान्य. एकदा लिहिलं, परत लिहायला लावू नका. १९व्या वर्षी रेआल माद्रिदकडून युरोलीग जिंकून तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला पोरगा समोर असताना त्याला सोडणं ही चूकच होती. आणि ती केली कोणी, तर किंग्जचे तेव्हाचे मॅनेजर व्लादे दिवाच यांनी. स्वतः सर्बियाचे, युरोपातलं बास्केटबॉल कोळून प्यायलेले, किंग्जच्या सोनेरी दिवसांतले आपले लाडके. चूक त्यांची. त्यांच्यावर बसलेल्या मालकांची. बॅग्लीची यात नेमकी कोणती चूक होती, ते मला कोणीतरी समजावून सांगा. नाव पुकारल्यावर त्याने उठून सांगायला हवं होतं का, की मला नको, तिसऱ्या नंबरवाल्याला घ्या?

आणि "आम्हाला तर तेव्हाच माहीत होतं" हे तर कृपा करून बंदच करा. फिनिक्सने त्या वर्षी ज्यांना कोच म्हणून आणलं होतं, त्या इगोर कोकोश्कोव्ह यांच्याच हाताखाली लूका आदल्या वर्षी स्लोव्हेनियाकडून युरोपचा विजेता झाला होता. तरी फिनिक्सने त्याला सोडलं. अटलांटाने घेतला आणि त्याच रात्री डॅलसला दिला. ज्या डॅलसचं शहाणपण आपण सात वर्षं गात होतो, त्यांनी या फेब्रुवारीत मध्यरात्री त्याला लेकर्सकडे पाठवून दिलं! त्याच ड्राफ्टमध्ये शे गिल्जस-अलेक्झांडर ११वा गेला. यंदाचा सर्वोत्तम खेळाडू, गेल्या रविवारी विजेतेपद हातात घेऊन उभा होता, आपण सगळ्यांनी बघितलं. त्याच्याआधी दहा नावं पुकारली गेली होती. दहा! त्या दहा संघांत आयुष्यभर हेच काम केलेली माणसं होती. आणि आपल्याला म्हणे फॉल्समच्या सोफ्यावर बसून माहीत होतं.

बॅग्ली पहिल्या वर्षी कसा खेळला हे कोणाला आठवतं का? जवळजवळ १५ गुण आणि साडेसात रिबाउंड दर सामन्याला. नवोदितांच्या पहिल्या पाचांत निवड झाली. तेव्हा याच ग्रुपवर त्याच्या डंकचे व्हिडिओ फिरत होते, टाकणाऱ्यांची नावं मी लिहीत नाही. दुसऱ्या मोसमाच्या पहिल्याच सामन्यात उजव्या हाताचा अंगठा मोडला. त्या मोसमात १३ सामने खेळला. पुढच्या वर्षी डावा हात मोडला. हाडं मोडायला काय तो स्वतः गेला होता?

त्याला कोट्यवधी डॉलर मिळाले, हे खरं. त्याच्या वडिलांनी ट्विटरवर ट्रेड मागितला, ते शोभलं नाही, हेही खरं. २०२१ मध्ये एका सामन्यात त्याने कोर्टवर उतरायला नकार दिल्याच्या बातम्या आल्या, ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं आणि आजही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो डेट्रॉइटला गेला. गेला तो गेला, आपण मात्र त्याचं नाव इथेच ठेवून घेतलं, दुसऱ्यांच्या पोरांना चिकटवायला.

माझं नाव शिडी ठेवलं होतं. जिल्ह्याच्या स्पर्धेत दुसऱ्या हाफमध्ये सरांनी मला उतरवलं. गॅलरीत आमच्याच शाळेच्या मुली. एकीने सुरू केलं, "शिडी! शिडी!" मग सगळ्यांनी. शेवटचं मिनिट, आम्ही एका गुणाने मागे, रिबाउंड माझ्या हातात. रिंगच्या डावीकडे, अगदी खाली. सोपा होता. मी सरळ रिंगकडे टाकला, पुढच्या कडेला लागून बाहेर आला. त्या लोखंडाचा आवाज अजून ऐकू येतो. माझे तळवे काळे झाले होते आणि ते मी स्कर्टला पुसत उभी होते.

सरांना कोणी एक शब्द बोललं नाही. ना मुख्याध्यापिका, ना पालक. परतीच्या मेटॅडोरमध्ये सर पुढे ड्रायव्हरशेजारी बसून कोणाशी तरी पावसाबद्दल बोलत होते. मागे मी. शाळा संपेपर्यंत मी शिडीच राहिले, आणि दहावीला बास्केटबॉल सोडलं.

खरा राग मला याचा आहे. आपण निवडणाऱ्याला कधी विचारत नाही. निवडला गेलेला समोर असतो, दिसतो, उंच असतो, त्याला मारणं सोपं. किंग्जच्या बाबतीत तर हे उघड दिसतं. २००९ मध्ये चौथ्या नंबरवर टायरीक एव्हान्स घेतला, स्टेफ करी सातवा गेला. २०११ मध्ये जिमर फ्रेडेट दहावा, आणि लगेच अकरावा क्ले थॉम्पसन. २०१२ मध्ये थॉमस रॉबिन्सन पाचवा, सहावा डेमियन लिलार्ड! हातून गेलेले तिघेही पुढे मोठे तारे झाले. रॉबिन्सनला आठ महिन्यांत ह्यूस्टनला देऊनही टाकलं. मधल्या काळात मालक बदलले, मॅनेजर बदलले, कोच तर किती बदलले ते मोजवत नाही. २००६ नंतर सोळा मोसम प्लेऑफ (मोसमानंतरच्या बाद फेऱ्या) नाही, एनबीएच्या इतिहासात एवढा उपास कोणाला घडलेला नाही. एवढी वर्षं, एवढी माणसं, आणि आपल्या तोंडात नाव एका १९ वर्षांच्या मुलाचं.

मालकांबद्दल आपण का बोलत नाही, तेही लिहिते. राग आला तर येऊ दे. विवेक रणदिवे मुंबईचे, आडनाव आपलं. २०१३ मध्ये संघ सिएटलला चालला होता तो त्यांनी आणि सोबतच्यांनी वाचवला, त्याबद्दल मी कायम ऋणी राहीन. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि पेसर्स खेळले, भारतातला पहिला एनबीए सामना. आपण इथे सकाळी चहाचे कप घेऊन टीव्हीसमोर होतो आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं. पण बारा वर्षांत मॅनेजर त्यांनीच नेमले आणि त्यांनीच काढले. हॅलिबर्टन १२व्या नंबरवर मिळाला, जीव लावला, दोन वर्षांत देऊन टाकला. बदल्यात साबोनिस आला, आणि २०२३ मध्ये जांभळा बीम (जिंकल्यावर स्टेडियमवरून सोडतात तो प्रकाशझोत) आकाशात गेला तेव्हा आपण रस्त्यात नाचलो, हेही मान्य. तरी गेल्या रविवारी अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात हॅलिबर्टन पाय धरून खाली पडला, तेव्हा आमच्या घरात पाच मिनिटं कोणी बोललं नाही. ते पोरगं अजून आपलंच वाटतं. मग बॅग्ली का नाही वाटत? तोही जांभळ्या टोपीत इथेच आला होता. इथे यायला तो खूश होता, बड्या शहराचा हट्ट त्याने धरला नव्हता. आपल्या गावाकडे कोणी वळून बघत नाही म्हणून आपण रडतो नं? तो हसत आला होता.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. काका, तुम्ही वाचत असाल तर, तुमच्यावर रुसलेले नाही. कोविडमध्ये तुम्ही आमच्या दारात तीन आठवडे डबा ठेवलात, ते मी विसरणार नाही. फक्त माझ्या मुलाला त्याच्या नावाने हाक मारा.

काल गाडीत तो मला म्हणाला, "आई, कोचने मला हाइटसाठीच घेतलंय, आय नो." मी काही बोलले नाही. ३२ वर्षांपूर्वीचं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं, काल सांगितलं. शिडी, रिंग, मेटॅडोर, सगळं. त्याने विचारलं, "आणि ती दुसरी मुलगी?"

ती मुलगी त्या सामन्याला आली होती. टीममध्ये नव्हती, तरी स्वतःच्या सायकलवर आली होती, पाण्याची बाटली घेऊन. सामना संपल्यावर सगळ्या बाजूला झाल्या, ती माझ्याजवळ आली. वाईट वाटून घेऊ नको, असं काही म्हणाली नाही. बाटली दिली आणि म्हणाली, "डावीकडून होतीस नं, मग बोर्डला मारायचा. चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यात. आपोआप आत पडतो." पुढच्या रविवारी तिने मला तो शॉट शिकवला. सकाळी सात ते नऊ, दोघीच. शंभरात सत्तर पडायला लागले होते. तिची जागा माझ्यामुळे गेली होती, आणि शिकवत तीच होती.

हे मुलाला सांगून झालं तेव्हा घर आलं होतं. तो उतरला नाही. म्हणाला, "कोणता कोपरा?"

रात्री साडेनऊला आम्ही घराजवळच्या पार्कमध्ये होतो. दिवे दहाला बंद होतात. मी ऑफिसच्या सँडलमध्ये रिंगखाली उभी, तो डावीकडून. पहिले चार बाहेर गेले. पाचवा चौकोनाला लागून आत.

आज संध्याकाळी पाच वाजता दुसरी फेरी आहे, ४२वा नंबर आपला. आमच्याकडे या सगळे, पोहे करते. जो कोणी येईल त्याचं नाव नीट ऐकू या.