लपवायला काही नसेल तर कशाला घाबरायचं, म्हणे!

आज भिशीत विमानाचा विषय निघाला. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून विमानं उडायला लागल्यापासून आमच्याकडे हा विषय चहाच्या आधीच निघतो. कुणाच्या तरी मुलाने सांगितलं होतं की मोठ्या विमानतळांवर आता बॉडी स्कॅनर बसणार, कपड्यांच्या आतलं सगळं कळणार. मी म्हटलं, मला नाही हे पटत. त्यावर एक वहिनी चटकन म्हणाल्या, "अगं, लपवायला काही नसेल तर कशाला घाबरायचं?" आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. घरी येऊन स्वयंपाक झाला, जेवणं झाली, तरी डोकं तापलेलंच आहे.

लपवायला काही नसेल तर? मग न्हाणीघराला कडी का लावतो आपण? आत काय चोरीचा माल असतो?

माझ्या आत्याचं सांगते. तिला विचारूनच लिहितेय. कॅन्सरमुळे आत्याचा एक स्तन काढावा लागला, बार्शीला ऑपरेशन झालं. सिलिकॉनचा विकत मिळतो तो महाग, आणि आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याच्याखाली घामोळं येतं. म्हणून तिने सुती कापडाची पिशवी शिवली आणि आत मोहरी भरली. वजन बरोबर बसतं, पदर सरळ राहतो. ती पिशवी घरातल्या सुनांनासुद्धा कधी दोरीवर वाळताना दिसली नाही. इतकं जपणारी बाई.

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेली होती. परत येताना तिथल्या एका विमानतळावर तिला त्या यंत्रात हात वर करून उभं केलं. पडद्यावर नुसती बाह्याकृती आली आणि छातीवर नेमका पिवळा चौकोन. तपासणाऱ्या बाईने काहीतरी विचारलं. आत्याला इंग्रजी येत नाही. मग त्या बाईने रांगेकडे बघून मोठ्याने विचारलं, हिंदी कुणाला येतं का? पंचविशीतला एक मुलगा पुढे आला. तो बिचारा मदतच करत होता. त्या परक्या पोराला, सगळ्या रांगेदेखत, माझ्या आत्याने सांगितलं की तिथे काय आहे आणि का आहे.

आम्हाला हे कळलं बऱ्याच महिन्यांनी. उखळात शेंगाची चटणी कुटता कुटता सांगितलं तिने, मान वर न करता.

आता कुणीतरी म्हणेल, यंत्र फोटो काढत नाही हो. बरोबर, आता नाही दाखवत. का नाही दाखवत तेही बघा. २००९ च्या नाताळात ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एकाने अंतर्वस्त्रात स्फोटकं नेली. धातू नव्हता, त्यामुळे डिटेक्टर वाजला नाही. त्यानंतर अमेरिकेत ही यंत्रं धडाधड बसली. सुरुवातीची एक्स-रेवाली तर माणसाचं जवळजवळ उघडं शरीर दाखवायची. चित्रं साठवत नाही, असं विमानतळवाले सांगायचे. आणि २०१० मध्ये उघड झालं की अमेरिकेतल्या ऑरलँडोच्या न्यायालयाच्या दारावरच्या बॉडी स्कॅनरने सुमारे ३५ हजार चित्रं साठवून ठेवली होती. न्यायालयाच्या दारावर! लोकांनी आरडाओरडा केला, खटले भरले. २०१२ मध्ये तिथल्या संसदेने कायदा केला की फक्त ठरावीक आकृतीच दाखवायची. ज्या एक्स-रे यंत्रांना ते जमेना ती २०१३ मध्ये विमानतळांवरून काढावी लागली. युरोपने तर २०११ मध्येच एक्स-रेवाली बंद केली. बोंब मारली म्हणून झालं ना हे? तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल, लपवायला काही नसेल तर...

पण चित्र गेलं आणि चौकोन राहिला. यंत्राला स्फोटक कुठलं आणि मोहरी कुठली हे समजत नाही. इथे काहीतरी वेगळं आहे एवढंच ते दाखवतं. मग ती आत्याची पिशवी असो, आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटाला लावलेली पिशवी असो, नाहीतर म्हाताऱ्या माणसाचा डायपर. पुढचं माणसाने विचारायचं. ते कुठे विचारायचं, किती आवाजात विचारायचं, यातच सगळी अब्रू आहे.

आपल्याकडे विमानतळावर तपासणी करणाऱ्या सीआयएसएफच्या मुलींबद्दल मला वाकडं बोलायचं नाही. सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेत, पुण्याला डिटेक्टर वाजला, तर त्या मुलीने पडद्याच्या आत नेऊन हळूच विचारलं, "आजी, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय का?" आणि उठताना हातसुद्धा दिला. घरापासून लांब, दिवसभर उभ्या असतात त्या लेकी. एवढ्याशा आडोशाने सासूबाई किती निवांत होत्या! आत्याला तेवढाच आडोसा हवा होता.

शरीरात धातू असणाऱ्यांचा त्रास स्कॅनरने कमी होईल, हे मान्य. सुधा चंद्रन यांच्यासारख्या नर्तकीला कृत्रिम पाय दरवेळी काढायला लावतात म्हणून २०२१ मध्ये पंतप्रधानांना विनवणारा व्हिडिओ करावा लागला होता. त्यांच्यासाठी यंत्र यावं, जरूर यावं.

आपल्या विमान सुरक्षा ब्युरोने २०१९ मध्येच ८४ विमानतळांना बॉडी स्कॅनर बसवायला सांगितलं होतं. आज ना उद्या ते सगळीकडे पोचणार. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितलंय की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो विमानतळाच्या दारात काढून ट्रेमध्ये ठेवायचा नसतो. यंत्राशेजारी बंद खोली हवी, तिचं दार रांगेकडे नको. बाईला बाईनेच विचारावं. आणि हे मागता येतं असं सांगणारी पाटी हवी, आपल्या सोलापुरात तर मराठी, कन्नड, तेलुगू तिन्हींत. पैसे लागतात म्हणू नका, यंत्राला लागतात त्यापुढे पडद्याचे किती?

ज्यांचं असं ऑपरेशन झालंय आणि प्रवास करायचाय त्या बायांनो, यंत्रात शिरायच्या आधीच महिला कर्मचाऱ्याला सांगा. वेगळ्या खोलीत तपासा म्हणून मागा. अमेरिकेत तशी सोय आहे, आत्याला कुणी सांगितलंच नाही. परदेशी जाताना इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी पर्समध्ये वरच ठेवा, म्हणजे मध्ये कुणी दुभाषा लागणार नाही. चिठ्ठी लिहून हवी असेल तर मला इनबॉक्समध्ये सांगा, मी लिहून देते.