राजधर्म कॉन्स्टन्टाइनने केला नाही

ख्रिस्ती धर्माच्या इतिहासावरचा तुमचा लेख आवडला, पण 'कॉन्स्टन्टाइनने ख्रिस्ती धर्म रोमचा राजधर्म केला' हे वाक्य खटकलं. या रोमन सम्राटाने ३१३ साली ख्रिस्ती लोकांना मोकळीक दिली, जप्त मालमत्ता परत करायला लावली, इतकंच. राजधर्माचं फर्मान निघालं ३८० मध्ये, सम्राट थिओडोसियसच्या काळात. खुद्द कॉन्स्टन्टाइनने बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा विधी) घेतला तो ३३७ मध्ये, मरणाच्या दारात! रविवारच्या सुट्टीचा त्याचा ३२१ चा कायदा बघा: त्यात ख्रिस्ताचं नावही नाही, 'सूर्याचा दिवस' म्हटलंय. शहरातल्या न्यायाधीशांनी आणि कारागिरांनी काम बंद ठेवायचं, शेतकऱ्याला मात्र सूट, कारण पेरणीचा वाफसा हुकला तर पीक गेलं. पक्का राजकारणी माणूस.

आणि ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा मोठा प्रचारक पौल, त्याला तुम्ही दोन ओळींत गुंडाळलंत, हे काही पटलं नाही. तार्सस शहरातला हा ज्यू, तंबू बनवून पोट भरणारा. बिगर-ज्यूंना सुंता न करता ख्रिस्ती होता यावं, यासाठी तो झगडला; आणि येशूचा पट्टशिष्य पीटर बिगर-ज्यूंच्या पंगतीला बसेनासा झाला, तेव्हा अंत्युखिया शहरात खुद्द त्याच्याशी सगळ्यांदेखत भांडला. ती अट राहिली असती तर ग्रीक-रोमन माणूस उंबऱ्यावरूनच परत फिरला असता, असं मला वाटतं. पौलाची स्वतःची मानली जाणारी पत्रं तर येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांच्या आधीची आहेत. पुढच्या भागात त्याच्यावर सविस्तर लिहा की!